आत्याबाईंचा समुद्र

मोरीनच्या दारात मी चिवड्याचा डबा घेऊन उभी.
आतून आवाज आला, 'दार उघडंच आहे!'
उघडंच आहे म्हणजे 'ये' का?

अकरा वर्षं झाली ग्रिम्स्बीत.
हॉस्पिटलच्या तळघरात, रात्रपाळीला,
ह्या गावाला मी नळ्यांवरून ओळखते –
कुणाचं रक्त पातळ, कुणाच्या रक्तात साखर,
लेबलावरचं आडनाव पाहून कळतं आता
कुठल्या घराण्यात लोह कमी.
पण कुणाच्या घरातला गालिचा
आज पहिल्यांदाच.

मालिकेतल्या पिशाच्चांचाही हाच नियम:
यजमानानं तोंडानं बोलावल्याशिवाय
पाऊल आत पडत नाही.
मागे एकदा लांब बाह्यांचा तो मामा
अख्खा भाग पायपुसण्यावर ताटकळला होता,
तो किस्सा सांगता सांगता मोरीनच्या हातून
नमुन्यांचा ट्रे सुटता सुटता राहिला.
मी हसले होते. जरा उशिरा.

'अगं ये की! मेलीस का काय तिथं?'

आलं म्हणजे बोलावणं.

पाच जण, खुर्च्या तीन. टुंडे जमिनीवर,
ग्राझिना सोफ्याच्या हातावर, बूट न काढता.
कीथ, मोरीनचा नवरा, गोदीत चाळीस वर्षं
बर्फ फोडलेला माणूस, कोपऱ्यात गप्प.
शेवटचा भाग.
समुद्रकाठचं ते लॉज, नाश्ता रात्री नऊला,
गिऱ्हाइकांची तक्रार, पडदे उघडत का नाहीत.
आणि चारशे वर्षांची ऑगस्टा आत्या,
जी पहिल्या भागापासून एकच विचारते आहे:
दिवसा समुद्र कोणत्या रंगाचा असतो,
कुणीतरी नीट सांगा.
कुणी सांगत नाही. हसतात, किल्ली देऊन निघून जातात.
आम्हीही हसायचो.

आज तिनं केस विंचरले. चष्मा पुसला.
आणि पडदा ओढला.

पांढरं.
सगळा टीव्ही पांढरा, मग नावं वर सरकू लागली.

मोरीननं सपाता फेकली ती दिव्याला लागली.
'हे काय! हे काय झालं! पुढच्या वर्षीपर्यंत थांबू मी?'
टुंडे म्हणाला, गेली ती. जायचंच होतं तिला.
केस विंचरले ना, माझ्या आजीनंही विंचरले होते.
ग्राझिना हिशेबाची: 'भिंतीवरचं घड्याळ पाहिलंत?
चार वाजलेत. डिसेंबर आहे.
चारला इथं ऊन असतं कधी?
वाचली ती. लिहून घ्या.'
'मग पांढरं काय होतं?'
'गाडीचे दिवे.'
'खिडकीत? गाडी काय पाण्यावरून आली?'
जुंपली. मला विचारलं तर मी म्हटलं,
माझ्याही खिडकीला काळा पडदा आहे,
कडांना टेप लावलेला, झोपायला.
कुणी ऐकलं नाही. बरंच झालं.

मग कीथ बोलला. डबा अर्धा संपवून,
मिश्यांत शेंगदाण्याचं साल.
'तपकिरी,' म्हणाला.
'काय?'
'आपला समुद्र. तपकिरी असतो.
चहात दूध कमी पडल्यासारखा.
एवढंच तर विचारत होती बाई.
कुणीतरी सांगायचं होतं.'

टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली,
ती आम्ही पाचही जणांनी पूर्ण पाहिली.

दुसऱ्या रात्रीची पाळी सकाळी आठला सुटली.
घरची बस सोडून मी क्लीथॉर्प्सची धरली,
अकरा वर्षांत दुसऱ्यांदा.
उजाडलं होतं, म्हणजे जेवढं उजाडतं तेवढं.
कठड्याशी जाऊन पाहिलं तर
ओहोटी. समुद्र नव्हताच.
मैलभर चिखल, त्यात एक कुत्रं
आणि त्याला हाका मारणारा कुणीतरी.

भरती पावणेतीनला, फळ्यावर खडूनं लिहिलेलं.
पावणेतीनला मी झोपेत असते.